गंडभेरुंडाची सावली

शेजारच्या आजींनी ते घड्याळ एका लोकरीच्या मोज्यात घालून आणलं. फेब्रुवारी २०१९. फिनलंडमधल्या एस्पोमध्ये त्या आठवड्यात उणे अठराच्या खाली पारा होता आणि आमच्या इमारतीच्या जिन्यातसुद्धा श्वास दिसत होता. मोजा टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "तुझे वडील घड्याळजी आहेत ना? मग तुला कळेल. हे रशियाच्या सम्राटाने माझ्या आजोबांना दिलं, असं आमच्या घरात सांगायचे. माझा मुलगा म्हणतो, खोटं आहे. सम्राटाच्या घड्याळावर गरुड असतो, ह्याच्यावर नाही."

आजी तेव्हा पंच्याऐंशीच्या होत्या. हे घड्याळ त्यांना नातीला द्यायचं होतं, पण देताना काय सांगायचं ते ठरत नव्हतं. "खोटी गोष्ट सोबत द्यायची नाही," एवढंच त्या म्हणाल्या. ते मला फार आवडलं. त्या एका वाक्यासाठी मी पुढचे सात महिने ह्या घड्याळामागे घालवले.

माझे वडील पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका गल्लीत चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. मी इंजिनियर झालो, नोकरीसाठी फिनलंडला आलो, पण सुट्टीतले दिवस त्यांच्या टेबलाशेजारी गेल्यामुळे भिंग, चिमटा आणि बारीक पेचकस हातातून सुटले नाहीत. तरी त्या संध्याकाळी मी काहीच उघडलं नाही. आधी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात रात्रीचे दहा वाजून गेले होते. त्यांनी चष्मा शोधला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "पॉलिश करू नकोस. कापडसुद्धा मारू नकोस. आधी झाकणं वाच, मग मशीन."

झाकणं तीन होती. पुढचं काचेवरचं, मागचं बाहेरचं, आणि त्याच्या आत मशीन झाकणारं तिसरं. चावीशेजारची कळ दाबली की पुढचं उघडायचं. डायल पांढऱ्या मिन्याची, आठाच्या आकड्याजवळ केसासारखी एक भेग. त्यावर रशियन अक्षरांत 'पावेल बुरे'. दोन्ही शब्दांच्या शेवटी नाही, फक्त 'पावेल'च्या शेवटी रशियन लिपीतलं जुनं कठोर चिन्ह (ъ) होतं, जे १९१८ च्या लिपीसुधारणेत शब्दाच्या शेवटी लिहिणं बंद झालं. म्हणजे डायल त्याआधीची. हे पहिलं पाऊल.

पावेल बुरे ही पेढी सेंट पीटर्सबर्गची. १८१५ मध्ये रेवाल, म्हणजे आजच्या टालिनमधून कार्ल बुरे नावाचा घड्याळजी मुलाला घेऊन राजधानीत आला, तिथून हे घराणं सुरू झालं. १८७४ मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावात कारखाना घेतला. पुढे १८८८ मध्ये घराण्यातल्या शेवटच्या मालकाने धंदा विकला, पण नाव तेच राहिलं. त्यामुळे ही घड्याळं नावाने रशियन आणि हाडामांसाने स्विस. ल लोक्लमध्येच त्याआधी, १८२९ मध्ये, हाइन्रिश मोझर ह्या शाफहाउझेनच्या माणसानेही पीटर्सबर्गच्या दुकानासाठी कारखाना काढला होता. रशियन दरबारात भेट म्हणून गेलेल्या घड्याळांत ही दोन नावं पुन्हा पुन्हा येतात.

मागचं झाकण उघडल्यावर आत शिक्के होते, आणि इथे माझा पूर्ण एक आठवडा गेला. '८४' हा आकडा स्पष्ट होता. रशियात चांदीचा कस झोलोत्निकांत मोजत. शुद्ध चांदी ९६, तेव्हा ८४ म्हणजे हजारात ८७५. त्याच्या बाजूला एक इवलंसं अस्वल. अस्वल हा स्वित्झर्लंडचा शिक्का, आणि तोही बरोबर ८७५ च्याच चांदीचा. (८०० च्या चांदीवर ते रानकोंबडा मारत, चौदा कॅरेट सोन्यावर खार.) दोन देशांचे दोन शिक्के एकाच कसाची साक्ष देत होते. तिसरा शिक्का भिंगाखालीही नीट दिसेना. उभट गोलात एक बाई, डोक्यावर उंच टोपी. ती टोपी म्हणजे कोकोश्निक, रशियन बायकांचा जुना शिरपेच. विसाव्या शतकाच्या तोंडाशी हा शिक्का सुरू झाला तेव्हा तिचं तोंड डावीकडे होतं. १९०८ पासून ते उजवीकडे वळलं आणि सोबत शहर सांगणारं ग्रीक अक्षर आलं. मी टॉर्च तिरकी धरून, श्वास रोखून बघत होतो. तोंड उजवीकडे होतं. अक्षर अल्फा, म्हणजे पीटर्सबर्ग.

बाबांना फोटो पाठवला. "म्हणजे १९०८ नंतरचं. त्यांच्या आजोबांचं वय तेव्हा किती?" बाबा नेहमी माणसाचं वय विचारतात, घड्याळाचं मागाहून.

आजोबांचा जन्म १८७० चा. कोत्काजवळच्या बेटांवर ते पायलट होते. जहाजावरचे पायलट, म्हणजे परक्या जहाजावर चढून खडकांमधून त्याला वाट दाखवणारे. फिनलंडचा दक्षिण किनारा नकाशात पाहिला तर पोह्याची परात सांडल्यासारखा दिसतो, हजारो बेटं आणि त्यांच्यामध्ये पाण्याखालचे खडक. १८०९ पासून १९१७ पर्यंत फिनलंड रशियन सम्राटाच्या ताब्यातली ग्रँड डची, म्हणजे स्वायत्त संस्थान, होती आणि ह्या बेटांवर सम्राटांचा जीव होता. तिसऱ्या अलेक्झांडरने कोत्काजवळ लांगिंकोस्कीला नदीकाठी मासेमारीसाठी लाकडी घर बांधून घेतलं, १८८९ मध्ये. ते आजही आहे. मी जाऊन आलो. सम्राज्ञी तिथल्या स्वयंपाकघरात स्वतः माशांचं सूप करायची, ती चूलही बघितली. त्याचा मुलगा दुसरा निकोलाय १९०६ पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात 'श्तांदार्त' ह्या बोटीवर कुटुंबासह ह्याच बेटांत येई. विरोलाहतीजवळच्या एका खाडीला तर सम्राटाचं कुटुंब श्तांदार्तचीच खाडी म्हणत असे. १९०७ मध्ये हान्कोजवळ हीच बोट खडकावर चढली होती. पायलट सोबत असूनही. तो खडक नकाशावर नव्हता.

(हाच निकोलाय युवराज असताना डिसेंबर १८९० मध्ये मुंबईला उतरला होता. धाकटा भाऊ गिओर्गी सोबत होता, तो आजारी पडला आणि मुंबईहूनच त्याला परत पाठवावं लागलं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग मुंबईतही कोणाला तरी घड्याळ दिलंच असेल.")

भेटी देण्याची पद्धत ठरलेली होती. सम्राट खिशातून घड्याळ काढून देत नसे. सम्राटाचं 'कॅबिनेट' नावाचं खातं होतं, ते पीटर्सबर्गच्या पेढ्यांकडून घड्याळं, अंगठ्या, तपकिरीच्या डब्या विकत घेऊन साठा ठेवी. प्रवास संपला की कोणी कोणी सेवा केली त्याची यादी वर जाई आणि माणसाच्या हुद्द्याप्रमाणे वस्तू ठरे. वरच्या माणसाला हिरेजडित आद्याक्षरांची डबी, खालच्याला घड्याळ. गायक, आचारी, पोलीस, रेल्वेचे लोक, पायलट अशांच्या वाट्याला सोन्याचं नाहीतर चांदीचं घड्याळ, झाकणावर दोन डोक्यांचा गरुड. फोटो पाहून बाबा म्हणाले, "अरे, हा तर आपला गंडभेरुंड." आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजांवर जो कोरलेला असतो तो. त्यानंतर आमच्या बोलण्यात तो शब्द कायमचा बसला.

आता मुलाचा आक्षेप. तो चुकीचा नव्हता. भेटीच्या घड्याळावर गंडभेरुंड बाहेर, वेगळा घडवून बसवलेला असतो. आतल्या झाकणावर कोरलेला असतो तो निराळा. तो पेढीचा. ज्या दुकानदाराला दरबाराचा पुरवठादार हा किताब मिळे त्याला राजचिन्ह वापरायची मुभा असे, म्हणून बुरेच्या दुकानात कोणीही पैसे देऊन विकत घेतलेल्या घड्याळातही आतल्या झाकणावर गरुड सापडतो. हा फरक न कळल्यामुळे जगभर किती घरांत 'झारने दिलेलं' म्हणून साधी विकतची घड्याळं जपून ठेवली असतील! आजींच्या घड्याळातही आत तो छोटा गरुड होता. मला वाटलं, उत्तर मिळालं. दुकानातून घेतलेलं घड्याळ, आतला गरुड पाहून घरच्यांनी केलेली गोष्ट. आजींना कसं सांगायचं, ह्याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो.

सांगण्याआधी मात्र मशीन दुरुस्त करावं म्हणून एका रविवारी ते टेबलावर घेतलं. मार्च उजाडला होता, खिडकीतून ऊन आडवं येत होतं. मागचं झाकण उघडून पालथं धरलं तर आतल्या बाजूला, मधोमध, दोन ठिपके. मोहरीएवढे. राखाडी. चांदीच्या रंगापेक्षा किंचित मळकट. नख फिरवलं तर लागतसुद्धा नव्हते, इतके सपाट घासलेले. भिंग लावलं. ती कथलाच्या डाकाने बुजवलेली दोन भोकं होती.

झाकण उलटवलं आणि त्याच आडव्या उन्हात बाहेरची बाजू धरली. झाकणभर बारीक लाटांची नक्षी आहे, शंभर वर्षांच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली. मधल्या भागात मात्र ती नक्षी जास्त खोल, जास्त टोकदार होती. त्या न झिजलेल्या भागाला आकार होता. खाली शेपटीसारखा पसरट, दोन्हीकडे पंख, आणि वर दोन माना, दोन दिशांना. सरळ बघितलं तर काही दिसत नव्हतं. घड्याळ थोडं कललं की दिसत होतं आणि पुन्हा जात होतं.

गरुड होता. कोणीतरी तो काढला होता.

मी हात पुसून बाहेर बर्फात फेरी मारून आलो. मग बाबांना फोन केला. त्यांनी फोटोत काही दिसत नाही म्हणून मला तीनदा घड्याळ कलवायला लावलं. दिसल्यावर म्हणाले, "पॉलिश केलं असतंस तर?" कापडाच्या दहा फेऱ्यांत ती सावली गेली असती.

एका दुकानदाराचं मत घ्यावं म्हणून मी घड्याळ घेऊन हेलसिंकीतल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात गेलो. त्याने सावली पाहिली, भोकं पाहिली, खूश झाला. म्हणाला, माझ्याकडे त्याच मापाचा गरुड आहे, भोकं मोकळी करून बसवून देतो, किंमत कितीतरी पट होईल. पेटीतून काढून दाखवलासुद्धा. मला राग आला आणि तो मी लपवला नाही. बाजारात बुरेची जी घड्याळं 'सम्राटाची भेट' म्हणून फिरतात त्यांतली बरीच अशी तयार होतात. नवा ओतलेला गरुड बोथट असतो. पंखांवरच्या प्रांतांच्या ढाली नुसते फुगे वाटतात, छातीवरचा संत जॉर्ज ओळखू येत नाही, आणि डाक लावताना दिलेल्या उष्णतेचा डाग झाकणाच्या आत दिसतो. खरा गरुड असता तर त्याच्या भोवती नक्षी झिजलेली आणि कडांशी शंभर वर्षांचा मळ घट्ट बसलेला असता. आजींच्या घड्याळावर तो नव्हता, म्हणूनच त्याची साक्ष खोटी करता येणार नव्हती. तिच्यावर पुन्हा गरुड बसवणं म्हणजे ती साक्ष पुसणं. मी घड्याळ मोज्यात घालून परत आलो.

उरला कागद. आजींकडे आजोबांची पंचांगं होती, स्वीडिश भाषेतली, दर दिवसापुढे एक ओळ लिहायला जागा असलेली. वारा, बर्फ, आलेली जहाजं. १९१० च्या पंचांगात १६ नोव्हेंबरपुढे लिहिलं होतं: कचेरीतून पार्सल, घड्याळ, सही केली. एवढंच. सम्राटाचा शब्दही नाही.

फिनलंडचं राष्ट्रीय अभिलेखागार हेलसिंकीच्या क्रुउनुनहाका भागात आहे, १८९० मध्ये बांधलेली इमारत. रशियन गव्हर्नर जनरलच्या कचेरीचे कागद तिथे आहेत, बहुतेक रशियन भाषेत, जुन्या लिपीत, हाताने लिहिलेले. मला छापील रशियन कशीबशी वाचता येते. हस्ताक्षर अजिबात नाही. वाचनालयातल्या एका कर्मचारी बाईंनी पहिल्या दिवशी मला अक्षरांचा तक्ता काढून दिला आणि कोणते खोके मागवायचे ते सांगितलं. महिन्यातून दोन शुक्रवार मी सुट्टी काढून जाई. एप्रिल गेला, मे गेला. शंभर पानांत एखादा शब्द ओळखीचा लागे: 'लोत्समान', म्हणजे पायलट. 'चासी', म्हणजे घड्याळ. हे दोन शब्द एका ओळीत कधी येतील ह्याची मी वाट बघत होतो.

जूनमध्ये आले. पोचपावत्यांची चळत होती, जाड निळसर कागद. एका पावतीवर आजोबांचं नाव, हुद्दा, आणि त्यापुढे: राज्याचं बोधचिन्ह असलेलं चांदीचं घड्याळ, साखळीसह. खाली पंचांगातल्यासारखीच उजवीकडे झुकलेली सही. माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. आणि लगेच तारीख दिसली. ३ नोव्हेंबर.

पार्सल १६ तारखेला आलं, तर पावतीवर सही तेरा दिवस आधी कशी? दोन दिवस मी ह्याच कोड्यात होतो. एकाच नावाचे दोन पायलट असतील का, पंचांगातलं घड्याळ वेगळंच असेल का, सगळं सुचलं. मग घरी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नजर गेली. एकाच चौकोनात दोन तारखा, इंग्रजी आणि तिथी. रशिया तेव्हा जुन्या ज्युलियन गणनेने चालत होता आणि फिनलंड नव्या ग्रेगोरियन गणनेने. विसाव्या शतकात दोहोंत अंतर बरोबर तेरा दिवसांचं. रशियन कचेरीची ३ नोव्हेंबर म्हणजे बेटावरची १६ नोव्हेंबर. ते दोन कागद एकाच दिवसाचे होते.

पावतीवर घड्याळाचा क्रमांक नाही, तेव्हा हेच ते घड्याळ असं कागद म्हणत नाही. मी आजींना हे तसंच सांगितलं. एकीकडे नाव, हुद्दा, चांदी, बोधचिन्ह, एक दिवस. दुसरीकडे १९०८ नंतरचा पीटर्सबर्गचा शिक्का, दोन बुजवलेली भोकं आणि दोन मानांची सावली. माझ्यापुरतं मला पुरेसं होतं.

गरुड का काढला, ह्याचा शोध मला घ्यावा लागला नाही. आजींनाच ठाऊक होतं, फक्त त्यांनी तो धागा घड्याळाशी जोडला नव्हता. सम्राटाच्या १८९९ च्या फेब्रुवारी जाहीरनाम्यापासून फिनलंडची स्वायत्तता कमी करत नेली जात होती. १९१२ मध्ये इथलं पायलट खातं रशियाच्या नौदल मंत्रालयाखाली घातलं गेलं आणि पायलटांनी घाऊक राजीनामे दिले. आजोबा त्यांत होते. बेटावरची नोकरी सोडून त्यांनी जाळी विणायचं आणि भांडी सांधायचं काम धरलं. त्या माणसाने सम्राटाचं चिन्ह छातीवरच्या खिशात ठेवून फिरायचं, हे कसं जमणार?

घड्याळ मी ऑगस्टमध्ये पूर्ण केलं. स्प्रिंग तुटलेली होती, जुन्या तेलाचा चिकट राळ झाला होता. पंधरा ज्वेलचं अँकर मशीन. एकेक भाग बेंझिनमध्ये धुतला, मापाची स्प्रिंग मिळवली, तेल घातलं. काटे लावायला चावीच्या बाजूची बारीक कळ नखाने दाबून धरावी लागते, ते आजींना शिकवावं लागणार होतं. बाहेरची चांदी जशीच्या तशी ठेवली. काळी पडलेली आहे, पडू दे.

आजींच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. मी झाकण उघडून आतले दोन ठिपके दाखवले आणि म्हटलं, "ज्याने काढला त्याने ओढून काढला नाही. खिळे आतून कापले, भोकं बुजवली, मग कानसीने इतकं सपाट केलं की आतल्या झाकणाला घासू नये. घड्याळ चालत राहावं अशी त्याची इच्छा होती."

आजी काही बोलल्या नाहीत. उठल्या, फळीवरची तांब्याची जुनी कॉफीची किटली खाली काढली आणि माझ्यासमोर उलटी धरली. तोटीच्या मुळाशी कथलाचा एक जोड होता, राखाडी, बोट फिरवलं तर न लागणारा. "हा आजोबांनी केलेला," त्या म्हणाल्या. "मी सहा वर्षांची होते, शेजारी बसून बघत होते."

मग त्यांनी माझ्या हातातून भिंग घेतलं आणि खिडकीपाशी गेल्या, एका हातात किटली, दुसऱ्या हातात घड्याळ.